बिल्ला उलटा करून पाहा

मी घोडेगावात मास्तरकी करत होतो तेव्हा निवडणूक लागली की वर्गातल्या पोरांचे खिसे जड व्हायचे. प्रचाराची जीप गावात शिरली की पोरं धुरळ्यातून तिच्यामागं पळायची, कारण जीपमधून बिल्ले उधळले जायचे. पक्ष कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. दोन साध्या बिल्ल्यांना एक चकचकीत, असा भाव ठरलेला. त्यातले काही मी जपले. निवृत्तीनंतर आंबेगाव-जुन्नरच्या जुन्या घरांतून आणि भंगारवाल्यांकडून आणखी शोधत राहिलो.

निवडणुकीच्या बिल्ल्याचं वय चिन्हावरून कळतं. काँग्रेसची बैलजोडी असेल तर तो १९६९ च्या फुटीआधीचा. गाय-वासरू १९७१ ते १९७७ या काळातलं. हाताचा पंजा १९७८ मध्ये आला. पणती जनसंघाची, कमळ १९८० नंतरचं. चक्रात नांगर खांद्यावर घेतलेला शेतकरी दिसला की जनता पक्ष ओळखावा. घड्याळ १९९९ नंतरचं. हत्ती मात्र चकवतो. आज तो बहुजन समाज पक्षाचा म्हणून माहीत आहे, पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा होता.

गोल बिल्ल्याची रचना साधी असते. पुढं पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, त्यावर पारदर्शक पापुद्रा. या सगळ्याच्या कडा मागं वळवून कड्यात दाबायच्या आणि तारेची टाचणी अडकवायची. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातल्या ‘व्हाइटहेड अँड होग’ कंपनीनं १८९६ मध्ये याचं पेटंट मिळवलं. पापुद्रा तेव्हा सेल्युलॉइडचा असे. त्याच वर्षी मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्यातली अध्यक्षपदाची निवडणूक बिल्ल्यांनी गाजवली. ही कंपनी बिल्ल्याच्या पोकळ पाठीत आपल्या नावाचा कागद बसवायची, त्यामुळं तिकडचा संग्राहक बिल्ला हातात आला की आधी उलटा करून पाहतो.

पुढं साठच्या दशकात बिल्ला पक्षांच्या हातून निसटून दुकानात आला. रँडी विकर या कार्यकर्त्यानं न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेस रस्त्यावर १९६७ मध्ये दुकान काढलं. व्हिएतनाम युद्धाला विरोध, समलिंगी माणसांचे हक्क अशा, तेव्हा उघड बोलणं जड जाणाऱ्या गोष्टी तिथं बिल्ल्यावर छापून विकल्या जात. लंडनमध्ये १९७६ पासून ‘बेटर बॅजेस’नं पंक संगीताच्या पोरांसाठी हाच धंदा केला. आज संग्राहक या दुकानांचा माल शोधत फिरतात. शिकागोत तर बिल्ल्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

अशी दुकानं आपल्याकडेही आहेत, फक्त ती पथारीवर मांडलेली असतात. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडं जाणाऱ्या रस्त्यांवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला पुस्तकं, पंचशील ध्वज, गाण्यांच्या सीडी यांच्या शेजारी बिल्ले मांडलेले दिसतात: बाबासाहेब, बुद्ध, अशोकचक्र. कोरेगावच्या विजयस्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली होती. आमच्या दोन्ही तालुक्यांतून तिथं माणसं जातात, आणि येताना कुणी ना कुणी पोराच्या शर्टाला बिल्ला लावूनच आणतं.

माझ्या मते खरं मोल या बिल्ल्यांचं आहे. जीपमधून उधळलेला बिल्ला पक्षाला काय हवं होतं ते सांगतो. मजुरीच्या पैशातून विकत घेतलेला बिल्ला त्या माणसाला काय हवं होतं ते सांगतो. नारायणगावजवळच्या एका वस्तीत एका आजींनी पेटीच्या तळातून बाबासाहेबांचा बिल्ला काढून दाखवला. पापुद्रा पिवळा पडलेला, टाचणी गेलेली. “बघा सर, पण देणार न्हाय. मालकांनी दादरवरनं आणलाय,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा मागितला नाही. तो त्यांच्याच घरात राहायला हवा.

त्या बिल्ल्याची पाठ कोरी होती. माझ्याकडच्या बहुतेक बिल्ल्यांचीही तशीच आहे: ना बनवणाऱ्याचं नाव, ना गाव, ना साल. त्यामुळं माहिती माणसांकडूनच मिळवावी लागते, आणि माणसं थकत चालली आहेत.

सांभाळायचं कसं, असं पुष्कळजण विचारतात. पाण्यानं कधीच धुऊ नये. कडेतून पाणी आत शिरतं, कागद फुगतो आणि पत्रा गंजतो. कोरड्या सुती फडक्यानं पुसावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, भीमाशंकरकडच्या पावसात तर फारच. प्रत्येक बिल्ला वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा.

दसऱ्याच्या साफसफाईत एखाद्या डब्यात बिल्ला सापडला तर भंगारात टाकू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, हा कुणी, कुठं आणि कुठल्या साली लावला होता. जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहा आणि ती त्याच पाकिटात ठेवा.