दोघांचा वारसा, पण शब्द कुणाचा चालणार?

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, वाशीमच्या, एका विद्यार्थ्याने मला अडवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये तुमचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, दोन मान्य वचनं एकमेकांविरुद्ध गेली तर कोणतं पाळायचं, हा आमच्या शास्त्रांतला फार जुना प्रश्न. तोच आता प्रोग्राममध्ये आलाय.

आधी कायद्यातलं एक उदाहरण घेऊ. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात हिंदू वारशाचे खटले मुख्यतः दोन ग्रंथांच्या आधारे चालत. एक विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा', कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. दुसरा 'व्यवहारमयूख', सतराव्या शतकातल्या नीलकंठभट्टांचा. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. बऱ्याच बाबतींत दोघांचं जुळतं. पण समजा, वेगळा राहणारा मुलगा वारला. मागे बायको नाही, मुलंबाळं-नातवंडं नाहीत. आई आहे आणि वडील आहेत. मालमत्ता आधी कुणाकडे? मिताक्षरा म्हणते आईकडे, मयूख म्हणतो वडिलांकडे.

न्यायालयांनी यावर क्रम लावून दिला. पुणे, अहमदनगर, खानदेशात मयूखाला मिताक्षरेवर मात करता येत नसे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूख वरचढ. म्हणजे बघा, ग्रंथ तेच, प्रश्न तोच, पण क्रम बदलला की वारस बदलला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आपल्या विषयापुरते हे जुने नियम बाजूला सारले. त्याच्या कलम ४ च्या इंग्रजी मथळ्यातच 'ओव्हररायडिंग' हा शब्द आहे. प्रोग्रामर लोक 'मेथड ओव्हररायडिंग' म्हणतात ते हेच: वरून आलेला नियम खालच्याने स्वतःपुरता बदलणं.

आता सॉलिडिटीकडे वळू. इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवरचे करार बहुतेक याच भाषेत लिहितात. एक मूळ करार घ्या, 'दाखला'. त्यात एकच प्रश्न: हा दाखला वैध आहे का? उत्तर: हो. त्याची दोन अपत्यं. 'मुदत' म्हणते, तारीख उलटली नसेल तरच वैध. 'रद्द' म्हणतं, अधिकाऱ्याने रद्द केला नसेल तरच वैध. दोघांनी मूळ उत्तर आपापल्या परीने बदललं. आता 'उत्पन्नाचा दाखला' नावाचा चौथा करार या दोघांचाही वारस आहे. त्याला विचारलं, वैध का? तर तो कुणाचं ऐकणार?

सॉलिडिटी इथे दोन गोष्टी करते. पहिली, ती कबुली मागते. ०.६.० या आवृत्तीपासून, जो नियम पुढे बदलू द्यायचा त्यावर 'व्हर्च्युअल' आणि जो बदलला त्यावर 'ओव्हरराइड' असं लिहावंच लागतं. दोन्हीकडून तोच नियम आला असेल, तर वारसाला तो स्वतः पुन्हा लिहून दोघांची नावं घ्यावी लागतात. दुसरी, ती सगळ्या पूर्वजांना एका रांगेत उभं करते. या पद्धतीला 'सी-थ्री' म्हणतात. पायथॉनमध्येही तीच आहे, फक्त दिशा उलटी: पायथॉनमध्ये पहिलं नाव वरचढ, सॉलिडिटीत शेवटचं. पायथॉन शिकून आलेल्या मुलांनो, इथे जपा! पाणिनीचा एक नियम आठवतो: तुल्यबळ नियमांची टक्कर झाली तर नंतरचा लागू. सॉलिडिटी त्याच पंथातली म्हणा.

आपण 'मुदत, रद्द' असा क्रम लिहिला आणि वारसाने 'सुपर' म्हटलं, म्हणजे 'रांगेतल्या पुढच्याला विचार', तर प्रश्न आधी 'रद्द'कडे जातो. 'रद्द'नेही आपली तपासणी करून 'सुपर' म्हटलं, तर तो 'मुदत'कडे जातो. आईबापाकडे नव्हे हं, भावंडाकडे! 'सुपर' म्हणजे आपला जन्मदाता, ही समजूत इथे फसते.

आता समजा, 'रद्द' लिहिणारा 'सुपर' विसरला. दाखला रद्द नाही, म्हणून त्याने थेट 'वैध' म्हणून टाकलं. मग 'मुदत'ला कुणी विचारतच नाही आणि मुदत संपलेला दाखला वैध ठरतो. गंमत अशी की क्रम उलटा असता, 'रद्द, मुदत', तर उत्तर बरोबर आलं असतं! चूक तीच, पण एका क्रमात झाकलेली, दुसऱ्यात उघडी. अशक्य क्रम लिहिला, म्हणजे वारसाचं नाव पूर्वजाच्या आधी घातलं, तर कंपायलर अडवतो. पण हे 'सुपर' विसरणं तो अडवत नाही.

हे फक्त पाटीवरचं गणित आहे का? नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत, जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये पुढे आला. त्याची आतली रचना आपला विषय नाही. पण दाखला म्हणजे कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा प्रवेश. तहसीलमध्ये चूक झाली तर निदान अर्ज घेऊन उभं राहता येतं. करार एकदा साखळीवर चढला, आणि दुरुस्तीची वाट आधीच ठेवली नसेल, तर तीच चूक प्रत्येकाला तेच उत्तर देत राहते. एकाला बाद दाखल्यावर जागा मिळाली, तर दुसऱ्या लेकराची गेलीच ना?

म्हणून तीन सवयी लावा. सामान्य करार आधी, विशेष शेवटी लिहा. जिथे सगळ्यांचा होकार हवा, तिथे प्रत्येक 'सुपर' हाताने तपासा. आणि चाचणी घेताना प्रत्येकाचा नकार एकेकटा देऊन बघा: फक्त मुदत संपलेला दाखला, मग फक्त रद्द झालेला. उत्तर दोन्ही वेळा 'नाही' यायला हवं.

दोन वडीलधाऱ्यांत मतभेद होणारच. कुणाचं आधी ऐकायचं हे ठरवणं माणसाचं काम आहे. यंत्र फक्त आपण लावलेली रांग पाळतं, आणि आपण विचार न करता लावली असेल तरी तितक्याच निष्ठेने पाळतं. आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.