रोज चालवता येणारी सुपरकार: होंडा एनएसएक्स

सुपरकार रविवारी काढायची, एरवी कव्हरखाली झाकून ठेवायची, हा समज १९९० साली होंडाच्या एनएसएक्सने मोडला. ३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन सीटच्या मागे, ८००० आरपीएमपर्यंत फिरणारं. तरी शहराच्या गर्दीत गाडी कुरकुर न करता चालते. काचा मोठ्या, कारण रचनाकारांनी एफ-१६ लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून प्रेरणा घेतली होती. चारी बाजूंचं नीट दिसतं, आणि रोजच्या वापरात माझ्या मते ताकदीपेक्षा हेच मोलाचं! बॉडी संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून हलकी. इंजिनामागे डिकीसुद्धा आहे. मॅकलॅरन एफ-वन ही सुपरकार घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी स्वतः एनएसएक्स घेऊन कित्येक वर्षं वापरली. कुठलीही सुपरकार बघायला गेलात तर आधी सीटवर बसून मागे वळून बघा, इंजिन नंतर सुरू करा.