आगकाड्यांचा चौकोन : उन्हाळी शिबिर आणि अभियांत्रिकीचे शिक्षण

उन्हाळी शिबिरांत मुलांना अभियांत्रिकीची ओळख पुष्कळदा तयार संचांद्वारे करून दिली जाते. सूचनेबरहुकूम भाग जोडले की प्रतिकृती पूर्ण होते. ते तसेच का जोडावेत, हा प्रश्न उद्भवत नाही. या संदर्भात अरविंद गुप्ता यांचे आगकाड्यांचे नमुने विचारात घेण्याजोगे आहेत. पुण्याच्या टेल्कोतील हे अभियंते १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या एवढेच या नमुन्यांचे साहित्य.

गुल काढलेल्या काड्या नळीच्या तुकड्यांत खोचून केलेला चौकोन बोटाने दाबताच तिरपा होतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरतात, चौकोनात ते मोकळे राहतात. रेल्वेपुलांच्या सांगाड्यात त्रिकोणांची रांग दिसते, ती याच कारणाने. चौरसास कर्ण जोडला की तो स्थिर होतो. मात्र हा कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट असल्याने आगपेटीतील काडी अपुरी पडते. खराट्याचा हीर मोजून तोडावा लागतो. तो आखूड तुटला, तर आकृती स्थिर होते खरी, पण तिरपीच. असे हीर शिक्षकाने आधीच कापून ठेवले, तर मोजणी आणि चूक दोन्ही मुलाच्या वाट्यास येत नाहीत.