एकवीस दिवस औषध, सात दिवस खंड

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. त्यावरची लेनालिडोमाइडची कॅप्सूल घरीच घ्यायची असते, म्हणून ती रक्तदाबाच्या गोळीच्या रांगेत जाऊन बसते. तिथे ती बसवू नये.

पेशीत सेरेब्लॉन नावाचं प्रथिन असतं. कुठलं प्रथिन मोडीत काढायचं, हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा ते भाग आहे. औषध त्याला चिकटलं की इकारोस आणि आयोलोस ही प्रथिनंही मोडीत निघतात. मायलोमाच्या पेशी यांच्याच जोरावर तगतात. ती गेली की त्या मरू लागतात. शिवाय याच दोघांनी रोखून धरलेल्या टी पेशी मोकळ्या होऊन कामाला लागतात. हे कोडं 2010 ते 2014 या काळात उलगडलं; औषध त्याआधीच वापरात होतं.

साधारणपणे 28 दिवसांच्या चक्रात पहिले 21 दिवस रोज एक कॅप्सूल, ठरलेल्या वेळी. पुढचे सात दिवस मज्जेला सावरायला असतात, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही घटतात. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती गोल करून ठेवा. डोस चुकला आणि बारा तास उलटले नसतील तर घ्या; उलटले असतील तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं, की डॉक्टर मात्रा कमी करतात.

हे थॅलिडोमाइडचं भावंड. त्या औषधाने 1960च्या सुमारास हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. म्हणून गरोदरपण कटाक्षाने टाळायचं. पुरुषांनी नसबंदी झालेली असली तरी निरोध वापरायचा, रक्तदान करायचं नाही. कॅप्सूल उघडून पाण्यात कालवणं तर नकोच. आजोबांच्या गोळ्या डब्याच्या खणांत भरणारी सून गरोदर असेल, तर ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

एकच पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताच्या गाठी होण्याचा धोका, विशेषतः डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसोबत, खरा आहे. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध त्यासाठीच लिहून दिलेलं असतं. 100.4 फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहू नका.

काही महिन्यांनी लागणारे जुलाब मात्र अनेक जण मुकाट्याने सोसतात. पित्ताम्लं नीट शोषली न गेल्याने ते होतात, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगा.