चोवीस आणि चोवीस

वारूळवाडीच्या एखाद्या मळ्यात टोमॅटोच्या कडेला वांग्याची ओळ आणि तिच्या पलीकडे मिरचीचे चार वाफे असावेत, हे दृश्य जुन्नर तालुक्यात इतके नित्याचे आहे की त्यात काही कोडे दडले असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः या तिन्ही वनस्पतींचे कुळ एक, आणि तिन्हींच्या शरीरपेशींत गुणसूत्रेही २४ च. तरीही पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर नांदून त्यांच्यात सोयरीक म्हणून कधी झालेली नाही. ‘गुणसूत्रांची संख्या जुळत नाही, म्हणून भिन्न जातींचा संकर होत नाही’ हे शाळेत घोकलेले सूत्र या बांधावर आणून उभे केले, तर ते तिथल्या तिथे लंगडे पडते.

हद्दीवरचा पहिला पहारा गुणसूत्रांच्या पुष्कळ अलीकडे बसलेला असतो. परक्या फुलाचा पराग कुक्षीवर पडला तरी रुजत नाही. रुजला, तर त्याची नलिका बीजांडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेत थिजते. आणि क्वचित फलन झालेच, तर गर्भाला पोसणारा भ्रूणपोष कोसळून बी पोकळ राहते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचा बटाटा हा तर टोमॅटोचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बिनतक्रार जगते, परंतु दोघांच्या फुलांतून बी धरत नाही. १९७८ साली जर्मनीत मेल्खर्स या संशोधकांनी दोहोंच्या पेशींची कवचे उतरवून त्या एकमेकींत मिसळल्या व त्यांतून रोपेही उभी केली. पण ती वांझ निघाली.

खरा मामला उघडतो तो संकरातून झालेल्या संततीवर स्वतः प्रजोत्पादनाची वेळ येते तेव्हा. पौष पौर्णिमेला जेजुरीस ज्यांचा बाजार भरतो त्या गाढवांची गुणसूत्रे ६२, घोड्याची ६४, आणि दोहोंपासून निपजलेल्या खेचराची ६३. देह वाढविण्यासाठी पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची केवळ नक्कल निघते, आईकडच्या गुणसूत्राला बापाकडच्या गुणसूत्राची गरज पडत नाही. म्हणूनच खेचर काटक आणि ओझ्याला खंबीर असते. परंतु शुक्रपेशी वा अंडपेशी घडविणारे अर्धसूत्री विभाजन म्हणजे जुन्या दप्तरखान्यातील रुजवात, दोन कागद एकमेकांशी ताडून पाहणेच होय : आईकडून आलेले प्रत्येक गुणसूत्र बापाकडून आलेल्या आपल्या जोडीदाराशेजारी ओळीस ओळ लावून बसले, तरच त्यांची बिनचूक फाळणी व्हायची. खेचराच्या दप्तरात एका कागदाला जोडच नाही, आणि उरलेल्यांतही मजकुराचा क्रम जागोजाग उलटापालटा. रुजवात मोडते आणि जननपेशी अर्ध्यावरच मरून जातात. टोमॅटो व बटाटा यांच्यातही, मूळ संच बाराबाराचा असूनही, पाच ठिकाणी एकाचा मजकूर दुसऱ्याच्या उलट लिहिलेला आढळतो.

तथापि सारा दोष आकड्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे, असे सांगणारे दोन साक्षीदार याच दोन तालुक्यांत राहतात. भीमाशंकरच्या जंगलात भुंकणाऱ्या भेकराच्या मादीत गुणसूत्रे ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या कोणाचीही ठाऊक नाही. त्याच्या चिनी भाऊबंदाची मात्र ४६! एवढी तफावत असूनही बंदिवासात या दोघांचे पाडस जन्मले आणि वाढले, कारण पूर्वीची सुटी गुणसूत्रे भेकरात एकमेकांस सांधली गेली असली तरी आतला जनुकांचा ऐवज बहुतांशी तोच राहिला आहे. त्या संकरित नराच्या अंगी शुक्रपेशी मात्र पक्व होईनात. दुसरा साक्षीदार जुन्नरच्या उसात वाढणारा बिबट्या. त्याची गुणसूत्रे ३८, सिंहाचीही ३८. १९१० साली कोल्हापुरास नर बिबट्या व सिंहीण यांची पिले झाली, आणि १९५९ पासून जपानातही तोच प्रयोग झाला. पण आकडा तंतोतंत जुळूनही ही जपानी संतती वांझच राहिली. दोन घराण्यांची जनुके लाखो वर्षे वेगळी नांदली की प्रत्येक घरची वहिवाट निराळी होते, आणि आपापल्या घरात निर्दोष असलेली दोन जनुके एका देहात आली की त्यांचे बिनसते. अशा संकरात एकाच लिंगाची संतती वांझ निघाली, तर ती बहुधा ज्याची लिंगगुणसूत्रे विजोड त्याची, म्हणजे सस्तन प्राण्यांत नराची आणि पक्ष्यांत मादीची, हा नियम पुढे भारताचे नागरिक झालेले जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२२ मध्येच मांडला होता.

दुकानातून आणलेली ‘हायब्रीड’ टोमॅटोची पुडी हा या अर्थाने जातिसंकर नव्हेच; ते एकाच जातीतील दोन वाणांचे लग्न होय. तिच्या फळांचे बी उत्तम रुजते, फक्त पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून दरसाल नवी पुडी. काही पुड्यांत मात्र खरोखरच हद्द ओलांडून आलेला ऐवज असतो. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला दाद न देणारे जनुक दक्षिण अमेरिकेतील एका रानटी टोमॅटोत होते. पण शेतातल्या टोमॅटोशी त्याचा संकर केला की गर्भ बियातच मरे. १९४४ साली अमेरिकेत स्मिथ नावाच्या संशोधकाने तसा गर्भ मरण्यापूर्वीच सोडवून काचपात्रात पोषकद्रव्यावर वाढविला. हाती लागले ते एकच रोप. आज सूत्रकृमी-प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टोमॅटोंचा तो गुण त्या एका रोपापासून चालत आलेला आहे.