किशोरवयातील मूत्रपिंड प्रत्यारोपण : पूर्वतयारीचे महत्त्व

मूत्रपिंड प्रत्यारोपण म्हटले की शस्त्रक्रियागृह डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेच्या यशाची पायाभरणी कित्येक आठवडे आधीच सुरू झालेली असते.

बहुधा आई किंवा वडीलच मूत्रपिंड देतात. रक्तगट, ऊतींची जुळणी व क्रॉसमॅच यांबरोबर दात्याच्या प्रकृतीचीही कसून तपासणी होते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नात्याचे पुरावे द्यावे लागतात; २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांचाही निकटच्या नातेवाइकांत समावेश झाला. दरम्यान रुग्णाच्या किडलेल्या दातांवर व अन्य जंतुसंसर्गावर उपचार केले जातात. कांजिण्या व गोवर यांच्या लसी राहिल्या असल्यास त्या किमान ४ आठवडे आधी दिल्या जातात. कारण त्यांत क्षीण केलेले जिवंत विषाणू असल्याने प्रत्यारोपणानंतर त्या सहसा देता येत नाहीत.

सर्वांत नाजूक तयारी मनाची. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे ते मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल दिसू लागतो, मुरुमे येतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ते असह्य होते आणि गोळ्या गुपचूप टाळल्या जातात. या वयात प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच डॉक्टरांनी केवळ पालकांशी नव्हे, तर रुग्णाशीही स्वतंत्रपणे बोलणे अगत्याचे असते. औषधांची नावे व वेळा त्याला स्वतःला ठाऊक हव्यात.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, औषधांचा दरमहा. देणगीदारांनी हा दरमहाचा भार हलका करणे म्हणजे मातापित्यांनी दिलेल्या दानाचे रक्षण करणेच होय.