राईनपाडा आठवतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जालन्यातील आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका अनोळखी माणसाचा फोटो आला. खांद्याला झोळी, डोक्याला फडके. खाली मजकूर : "मुले पळवणारी टोळी शहरात आली आहे, आयाबहिणींनी सावध राहावे." माझ्या धाकटीची शाळा सुटायची वेळ झाली होती. जेवणाचा डबा तसाच ठेवून मी तो फोटो बहिणीला पाठवला, साडूला पाठवला. वीस वर्षे आवक-जावक सांभाळणारा, सही-शिक्क्याशिवाय कागद पुढे न सरकवणारा मी कारकून!

संध्याकाळी सौ.ने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा तर कुकर दुरुस्त करणारा. परवा शेजारच्या काकूंचा कुकर यानेच नीट करून दिला." फोटो आमच्याच गल्लीतल्या एका पोराने चोरून काढला होता.

त्या रात्री मला राईनपाडा आठवला. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी तेथे आले होते, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही गेले. पालावरच्या माणसाला जामीन राहणारे गाव नसते, तो जाईल तिथे परकाच. वेशीबाहेर राहिलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे वेगळे सांगायला नको होते.

त्याच काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याची एक चित्रफीत देशभर फिरत होती. ती मुळात कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढाच तुकडा कोणीतरी कापला होता.

त्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, कंपनीने भारतात एका वेळी पाचांनाच निरोप पुढे पाठवता येईल असे केले. पुष्कळदा फिरलेल्या निरोपावर आता दुहेरी बाण दिसतो. पण मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, म्हणून खरेखोटे तपासणारा मध्ये कोणीच नसतो. निरोप भावाकडून आला की आपण तो भावाचाच शब्द समजतो. भावाला तो कोणी दिला, हे विचारीत नाही.

आणखी एक. मुलीचा फोटो कोणी न विचारता ग्रुपवर टाकला तर आपण भांडायला उठतो. मग त्या कुकरवाल्याच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क नाही काय? खरोखर संशय आला तर ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. तेथे फोन करावा, चेहरा बाजारात मांडू नये.

मी बहिणीला आणि साडूला फोन करून चूक सांगितली. साडू म्हणाले, "मी तर गावच्या दोन ग्रुपवर टाकून बसलोय." तिथून पुढे तो किती मोबाइलांत गेला, कोण सांगणार? कुकरवाला मात्र आमच्या गल्लीत पुन्हा दिसला नाही.